आपल्या प्लेअरमधील संगीत इतरांना देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या श्रवणगटात दहाबारा माणसे आहेत. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी बैठक होते आणि ज्याची पाळी असेल त्याने आपला खिशातला प्लेअर सोबत आणायचा, त्यात काय आहे ते सांगायचे आणि त्यातले थोडे ऐकवायचे, असा परिपाठ आहे. प्लेअर म्हणजे जुना आयपॉड असो, मेमरी कार्डावर चालणारा स्वस्तातला एमपी३ प्लेअर असो किंवा केवळ गाण्यांसाठी राखून ठेवलेला जुना मोबाइल असो, आम्हाला सारखाच. नव्याने येणारे सदस्य बहुधा तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरे एकदाची लिहून ठेवली आहेत. आम्ही मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि भावगीते ऐकतो, त्यामुळे उदाहरणेही तिथलीच आली आहेत.

पाळी आली की नेमके काय आणायचे?

प्लेअर, त्याची चार्जिंगची वायर, आणि प्लेअरमध्ये काय आहे त्याची लेखी यादी. यादीच्या प्रती सर्वांना मिळाव्यात. गाण्यांच्या फाइली वाटण्याची अपेक्षा नाही.

यादीचा एवढा आग्रह कशासाठी? सगळे सरळ उतरवून दिले तर काय बिघडले?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. सुरुवातीच्या काळात आम्हीही कार्डेच्या कार्डे उतरवून देत होतो, त्यामुळे उत्तर अनुभवातून आलेले आहे. एका सदस्याने मोठ्या उदारपणे ३२ जीबीचे भरलेले कार्ड सर्वांना उतरवून दिले आणि वर्षभराने विचारले, तेव्हा त्यातले काय ऐकले हे कोणालाच सांगता आले नाही. यात आळशीपणा फारसा नव्हता. १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) दर्जाच्या एमपी३ फाइलीला मिनिटामागे साधारण एक एमबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात साडेपाचशे तासांचे संगीत मावते. रोज एक तास न चुकता ऐकले तरी ते संपायला दीड वर्ष लागेल. एवढ्या ढिगातून सुरुवात कोठून करावी हे सांगणारे कोणी नसेल, तर माणूस आपली ओळखीची चार गाणी शोधून काढतो आणि बाकीच्या ढिगाला हातही लावत नाही.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांबाहेर ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या एके काळी गावोगाव दिसत. तिथे संगीत किलोच्या भावाने मिळायचे आणि तसेच ऐकले जायचे. श्रोता श्रोत्याला जे देऊ शकतो ते वेगळे असते. अमुक गायिकेचा बागेश्री राग तीन ठिकाणी ध्वनिमुद्रित झाला आहे, त्यांपैकी दुसरा आधी ऐका आणि विलंबिताची, म्हणजे संथ लयीच्या भागाची, पहिली दहा मिनिटे कंटाळा आला तरी सोडू नका, हे तिला वीस वर्षे ऐकणारा माणूस सांगू शकतो. भरलेले कार्ड सांगू शकत नाही. यादीत अशी निवड आणि अशी नोंद येते. ज्याला त्यातले काही ऐकावेसे वाटेल त्याला ते बहुतेक वेळा अधिकृत मार्गाने मिळते. मिळाले नाही तर तो तुमच्याकडे येऊन, तुमच्यासमोर बसून ऐकू शकतो, आणि आमच्या बैठकीचा हेतूच तो आहे.

यादीत कोणकोणत्या नोंदी असाव्यात?

ख्यालासाठी गायकाचे नाव, राग, बंदिशीचे तोंड (गायलेल्या रचनेचे पहिले शब्द), ताल, लय, एकूण वेळ, ध्वनिमुद्रणाचे वर्ष, आणि ते ध्वनिमुद्रण कोठून आले, म्हणजे तबकडी, कॅसेट, सीडी, आकाशवाणी की खासगी मैफल, एवढे असावे. साथीदारांची नावे माहीत असतील तर अवश्य लिहावीत. तबला आणि संवादिनी कोणाची आहे यावरूनच एखाद्या मैफलीचा काळ ठरवता आल्याची उदाहरणे आमच्याकडे आहेत.

नाट्यपदाच्या बाबतीत नाटकाचे नाव, पदकर्ता, संगीतकार आणि गायक हे चारही वेगवेगळे लिहावेत. ‘मानापमान’ (१९११) मधील पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची आणि चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ‘स्वयंवर’ (१९१६) मध्ये पदे खाडिलकरांचीच, पण संगीत भास्करबुवा बखल्यांचे. या दोन्ही नाटकांतील पदे बालगंधर्वांपासून आजच्या गायकांपर्यंत अनेकांनी गायिली आहेत, त्यामुळे नुसते ‘स्वयंवरातले पद’ असे लिहिले तर कोणाचे गाणे हे कळायला मार्ग राहत नाही. भावगीताला गीतकार, संगीतकार आणि गायक पुरेसे आहेत. शंका असल्यास ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर ही तिन्ही नावे बहुधा सापडतात.

जे ठाऊक नाही ते रिकामे सोडावे. अंदाजाने भरलेले वर्ष चार ठिकाणी उतरवले गेले की पाचव्या ठिकाणी ते पुरावा म्हणून पुढे केले जाते. माझ्याच प्लेअरमध्ये एका यमनावर ‘१९५८’ असे कित्येक वर्षे लिहिलेले होते आणि ते मीच कधीतरी घाईघाईत ठोकून दिले होते, हे मला फार उशिरा आठवले.

ही माहिती फाइलीतच लिहून ठेवता येत नाही का?

येते, आणि लिहावीच. एमपी३ फाइलीत गाण्याबरोबर शीर्षक, कलाकार, अल्बम, संगीतकार, वर्ष अशी माहिती साठवण्याची सोय असते. तिला आयडी३ टॅग म्हणतात. फाइलीचे नाव बदलले तरी ही माहिती आत राहते. रागाचे नाव शीर्षकात बंदिशीच्या आधी लिहिणे आम्हाला सोयीचे वाटते, कारण प्लेअरच्या छोट्या पडद्यावर पहिले पंधरावीस वर्णच दिसतात.

ध्वनिमुद्रणाच्या पोटातच ओळख ठेवण्याची कल्पना मात्र एमपी३पेक्षा बरीच जुनी आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांची ध्वनिमुद्रणे झाली, तेव्हापासून गाणे संपताच गायिकेने आपले नाव उच्चारायचे अशी पद्धत पडली होती. तबकड्या परदेशी कारखान्यात छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे त्या उच्चारावरून कळत असे, असे सांगितले जाते. आपण टॅग भरताना कंटाळतो, तेव्हा त्या बाईंनी तीन मिनिटांच्या तबकडीतून आपल्या नावासाठी वेळ काढला होता हे आठवावे.

माहिती देवनागरीत लिहिली की प्लेअरवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. काय करावे?

याची दोन वेगवेगळी कारणे असतात. पहिले म्हणजे टॅगची आवृत्ती. आयडी३ची पहिली आवृत्ती १९९६ मधली असून तिच्यात फाइलीच्या शेवटी एकूण १२८ बाइट जागा असते आणि त्यांपैकी शीर्षकाच्या वाट्याला फक्त ३० येतात. ती रोमन लिपी गृहीत धरूनच बनवलेली होती. हल्ली प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार हेही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. ‘नाट्यसंगीत’ एवढा एकच शब्द लिहिला की तिसांच्या तीस जागा संपतात. म्हणून टॅग भरताना दुसऱ्या पिढीची आवृत्ती, शक्यतो २.३, निवडावी; तिच्यात युनिकोडची सोय आहे आणि जुने प्लेअरही ती बहुधा वाचतात.

दुसरे कारण प्लेअरमध्येच असते. त्यात देवनागरीचा फॉन्ट नसेल तर टॅग कितीही बिनचूक असला तरी चौकोनच दिसणार, आणि फॉन्ट असूनही जोडाक्षरे जुळवण्याची सोय नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते व जोडाक्षरांचे पाय मोडतात. अशा प्लेअरसाठी रोमन लिपीत लिहिण्यावाचून इलाज नाही. मात्र वाटायची यादी देवनागरीतच करावी, कारण रोमनमध्ये ‘ळ’ आणि ‘ल’ एकच होऊन जातात आणि बंदिशीच्या शब्दांचे पार खोबरे होते.

माझ्या प्लेअरवर द्रुत (ख्यालाचा जलद लयीचा भाग) आधी वाजते आणि विलंबित नंतर. हा बिघाड आहे का?

बिघाड नाही, वर्णानुक्रम आहे. विलंबित आणि द्रुत अशा दोन फाइली असतील तर ‘द’ हा ‘व’च्या आधी येतो, आणि रोमनमध्ये लिहिले तरी तेच होते. त्याच न्यायाने मैफलीच्या शेवटी गायची ‘भैरवी’ ही ‘यमन’च्या आधी लागते, म्हणजे मैफल संपवून मग सुरू होते. उपाय एवढाच की फाइलीच्या नावाआधी क्रमांक घालावा, आणि तो इंग्रजी अंकांत, दोन आकडी घालावा. देवनागरी अंक येथे उपयोगाचे नाहीत. युनिकोडच्या तक्त्यात ते देवनागरी अक्षरांच्या नंतर येतात, त्यामुळे साधे प्लेअर अंकाने सुरू होणारी नावे यादीच्या शेवटी ढकलतात.

काही स्वस्त प्लेअर आणि मोटारीतील बरेच संच नावाकडे पाहतच नाहीत. फाइली ज्या क्रमाने कार्डावर उतरल्या त्याच क्रमाने वाजवतात. तिथे कार्ड रिकामे करून फाइली हव्या त्या क्रमाने एकेक पुन्हा उतरवाव्या लागतात. आणि शफल हे बटण ख्याल ऐकणाऱ्याने बंदच ठेवावे. भावगीतांना ते चालते. एखादे वेळी मजाही येते.

एकाच गायकाची गाणी प्लेअर चार ठिकाणी का दाखवतो?

कारण तुम्ही नाव चार तऱ्हांनी लिहिले आहे. ‘किशोरी आमोणकर’, ‘किशोरी अमोणकर’, ‘आमोणकर किशोरी’ आणि ‘गानसरस्वती किशोरी आमोणकर’ या प्लेअरच्या लेखी चार वेगळ्या गायिका आहेत. एक रूप ठरवून सर्वत्र तेच वापरावे. नावाआधी पंडित, पं., उस्ताद, विदुषी असे काही लावू नये. तसे केले की निम्मा संग्रह ‘प’खाली गोळा होतो आणि शोधण्याची सोय नाहीशी होते. आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्यांना हे फार खटकले होते. प्लेअरमध्ये ‘भीमसेन जोशी’ असे नुसते लिहिणे त्यांना जड जात होते. शेवटी त्यांनी उपाधी अल्बमच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली आणि आम्ही त्याला हरकत घेतली नाही.

हजार फाइलींची यादी हाताने लिहायची का?

नाही. विंडोज संगणकावर प्लेअर जोडून फोल्डर उघडावे, सर्व फाइली निवडाव्यात, शिफ्टची कळ दाबून उजवी क्लिक करावी आणि ‘कॉपी ॲज पाथ’ निवडून ते एक्सेलसारख्या तक्त्यात चिकटवावे. फाइलींची नावे एकाखाली एक येतात. टॅगमधील माहिती रकान्यांसह हवी असेल तर एमपी३टॅग नावाचे, विंडोजवर विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर टॅग भरण्याचे आणि त्यांची यादी काढून देण्याचे अशी दोन्ही कामे करते. अशी निघालेली यादी तशीच वाटू नये. तिच्यातील तीसचाळीस नोंदींवर खूण करून प्रत्येकीपुढे एक ओळ लिहावी. बाकीची यादी मागे जोडली तरी चालेल.

माझ्या प्लेअरमध्ये मला सांगायला संकोच वाटेल अशीही गाणी आहेत. ती यादीतून गाळावीत का?

गाळू नयेत. भेंडीबाजार घराण्याच्या दुर्मीळ ध्वनिमुद्रणांशेजारी लावणीचे रीमिक्स आणि गणपतीच्या मिरवणुकीतली गाणी निघाली म्हणून आमच्याकडे कोणाची पत कमी झालेली नाही. उलट त्या यादीवर चर्चा जास्त रंगली. सगळी यादी शोभिवंत असेल तर ती पाहुण्यांसाठी मांडलेल्या कपाटासारखी दिसते, आणि तीत रोज कशाला हात लागतो ते कळत नाही.

फाइली मित्राला उतरवून देणे कायद्याने चालते का?

आपल्याकडे कॉपीराइट कायदा, १९५७ लागू आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी, त्यात संशोधनही आले, केलेल्या उचित वापराला मुभा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती ध्वनिमुद्रणांनाही लागू होते. विकत घेतलेली सीडी आपल्या प्लेअरवर उतरवून ऐकणे या मुभेत बसते असे मानायला जागा आहे. प्रती काढून वाटत सुटणे मात्र तिच्यात बसत नाही, मग पैसे घेतले असोत वा नसोत.

प्रत्येक जुने गाणे ‘आता मोकळे झाले’ असे समजण्याची चूकही सर्रास होते. एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क त्या त्या रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे. म्हणजे १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तबकडीवरील ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. पण त्या तबकडीवरचे गीत ग. दि. माडगूळकरांचे असेल तर ते १९७७ मध्ये निवर्तले असल्यामुळे शब्दांचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे, आणि चाल सुधीर फडके यांची असेल तर ते २००२ मध्ये गेल्यामुळे तिचा हक्क २०६२ पर्यंत चालेल.

याउलट ‘मानापमान’ची पदे पाहावीत. खाडिलकर १९४८ मध्ये आणि गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये निवर्तले, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही मोकळे झाले आहेत. त्या पदांच्या १९३०-४० च्या काळातील तबकड्याही मोकळ्या झाल्या. तेच पद एखाद्या आजच्या गायिकेने दहा वर्षांपूर्वी गाऊन प्रसिद्ध केले असेल तर ते ध्वनिमुद्रण मात्र मोकळे नाही. थोडक्यात, नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्यांबाबत आमच्या गटात हात सैल सोडतात आणि भावगीतांबाबत आखडता घेतात. कोणाला हे उलटे वाटत असेल, तर त्याचे कारण वरच्या तारखांत आहे.

मग बैठकीत सर्वांना ऐकवणे तरी चालते का?

घरच्या दिवाणखान्यात मित्रांना गाणे ऐकवणे याला कोणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. शिवाय नफ्यासाठी न चालवलेल्या क्लबाने किंवा तत्सम संस्थेने आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवणे, तसेच निवासी इमारतीच्या सामाईक दालनात रहिवाशांसाठी ते लावणे, यांना कलम ५२ मध्ये स्वतंत्र सूट दिलेली आहे. तिकीट लावले, हॉटेलचे सभागृह घेतले किंवा प्रायोजक आणला की प्रकरण बदलते आणि परवान्यासाठी पीपीएल (ध्वनिमुद्रणांचे परवाने देणारी) किंवा आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणारी) या संस्थांकडे जावे लागते. आमच्याकडे चहासुद्धा ज्याचे घर त्याच्याकडून असतो, त्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही.

खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणे द्यावीत की नाही?

महाराष्ट्रात ख्याल ऐकणाऱ्यांच्या घराघरांत अशी ध्वनिमुद्रणे आहेत. कोणाच्या काकांनी स्पूलवर घेतलेली, कोणाच्या शेजाऱ्यांनी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर घेतलेली, आणि त्यांच्या प्रतींच्या प्रती. पंचेचाळीस मिनिटांनी कॅसेटची बाजू संपते, ती उलटेपर्यंत बढतीतली, म्हणजे रागाच्या विस्तारातली, एक-दोन आवर्तने हरवतात, आणि आपल्याला ते गाणे त्या खंडासकटच पाठ झालेले असते. कायद्याच्या दृष्टीने पाहायचे तर कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क आहे, आणि त्याच्या संमतीवाचून केलेल्या मुद्रणाच्या प्रती वाटणे त्या हक्काला धक्का लावते. पण कायद्याआधीही एक साधा विचार असतो. कलाकार त्या संध्याकाळी त्या तीस माणसांसाठी गात होता. आवाज बसलेला असेल, नवा राग चाचपून पाहत असेल, आणि ते गाणे जगभर जावे असे त्याच्या मनातही नसेल.

म्हणून आमचा नियम असा आहे: खासगी मैफल बैठकीत ऐकवावी, यादीत तिची नोंद करावी, पण फाइल देऊ नये. कलाकाराची किंवा त्याच्या घरच्यांची स्पष्ट संमती असेल तर गोष्ट वेगळी. ज्यांच्याकडे मूळ स्पूल किंवा कॅसेट आहे त्यांनी ती एखाद्या जबाबदार संग्रहालयाकडे सोपवण्याचा विचार करावा. मित्रांना फाइली पाठवण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक आहे.

प्रतींच्या प्रतींबाबत एक सावधगिरी. दोन टेपरेकॉर्डरांचा वेग थोडा वेगळा असला की प्रत काढताना गाण्याचा स्वर बदलतो. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्ध्या स्वराने वर, ऐकू येते, लयही तितकीच चढते, आणि मग ‘तरुणपणी बुवा वरच्या पट्टीत गात असत’ अशा कहाण्या जन्माला येतात. असे ध्वनिमुद्रण ऐकवताना पट्टी तपासून घ्यावी, आणि शंका असेल तर यादीत तसे लिहावे.

गुरूंकडच्या तालमीचे मुद्रण माझ्या प्लेअरमध्ये आहे. ते ऐकवू का?

गुरूंना विचारून. ते नसतील तर ऐकवू नये आणि यादीतही घालू नये. आमच्याकडे सर्वांत कमी चर्चा झालेला नियम हाच.

व्हॉट्सॲपवर गाणे पाठवले तर त्याचे नाव का हरवते?

ऑडिओ म्हणून पाठवलेल्या फाइलीला तिकडे तारीख आणि क्रमांक असलेले नवे नाव मिळते, आणि तुम्ही मेहनतीने लिहिलेले राग-तालाचे नाव गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ नाव टिकते. तरीही समूहावर रोज सकाळी एक फाइल टाकण्याची सवय आम्ही मोडून काढली आहे. सुप्रभातच्या चित्रांशेजारी पहाटेचा राग ललत येऊन पडला की त्याचेही सुप्रभातच होते.

फाइलीचा दर्जा किती असावा?

जुन्या तबकड्यांसाठी १२८ किंवा १९२ केबीपीएस एमपी३ पुरेसे वाटते, सीडीवरून घेतलेल्या गाण्यासाठी ३२० घ्यावे, आणि जे जपून ठेवायचे आहे ते फ्लॅकमध्ये ठेवावे, कारण त्यात मूळ ध्वनीतील काहीही गाळले जात नाही. १२८ ची फाइल पुन्हा ३२० मध्ये बदलल्याने गेलेले काही परत येत नाही. फक्त जागा अडीचपट लागते.

मी सगळे स्ट्रीमिंगवर ऐकतो, माझ्याकडे फाइलीच नाहीत. मी काय आणू?

तुम्ही यादी आणा. उलट तुमचे काम सोपे आहे; तुम्ही तुमची प्लेलिस्ट दुव्याने पाठवू शकता आणि ज्याच्याकडे ती सेवा असेल तो लगेच ऐकू शकतो. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. स्पॉटिफायसारख्या सेवेत ‘डाउनलोड’ केलेले गाणे ही तुमची फाइल नसते. महिन्यातून किमान एकदा इंटरनेटला जोडले नाही तर ते वाजणे थांबते. आणि सेवेचा करार बदलला की दुव्यातले गाणे एके दिवशी दिसेनासे होते. तेव्हा दुव्याशेजारी गायक, राग आणि मूळ प्रकाशन शब्दांत लिहावे, म्हणजे दुवा मेला तरी गाणे शोधता येईल.

आईकडे कारवाँ आहे. त्यातील गाणी उतरवून घेता येतात का?

नाही. सारेगामाने २०१७ मध्ये बाजारात आणलेल्या मूळ हिंदी कारवाँमध्ये ५,००० गाणी आधीच भरलेली असतात आणि ती यंत्राबाहेर काढण्याची सोय ठेवलेली नाही. मराठी कारवाँही त्याच घडणीचा आहे. पण आईला बैठकीला घेऊन यावे. कोणत्या गाण्यापाशी त्या बटण थांबवतात ते पाहण्यासारखे असेल.

एका प्लेअरवर दोघांनी ऐकायचे असेल तर?

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आलेल्या सोनीच्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन छिद्रे होती, आणि एक केशरी बटण होते, ते दाबले की गाण्याचा आवाज खाली येऊन शेजाऱ्याशी बोलता येत असे. एकट्याने ऐकण्याचे यंत्र म्हणून प्रसिद्ध झालेल्या वस्तूची सुरुवात अशी दोघांसाठी झाली होती. पुढच्या प्लेअरांतून ती सोय गेली. मायक्रोसॉफ्टच्या झून प्लेअरने २००६ मध्ये शेजारच्या झूनला बिनतारी गाणे पाठवण्याची युक्ती आणली, पण पाठवलेले गाणे सुरुवातीला तीन वेळा ऐकून झाले किंवा तीन दिवस उलटले की बंद पडत असे. ती फार चालली नाही.

आज तारेचे हेडफोन असतील तर एका छिद्राचे दोन करणारा जोड बाजारात स्वस्तात मिळतो. एकाच हेडफोनचा एकेक कान वाटून घेतल्यास जुन्या मोनो ध्वनिमुद्रणात काही बिघडत नाही, कारण दोन्हीकडे एकच ध्वनी असतो. स्टीरिओमध्ये मात्र एकाला तबला आणि दुसऱ्याला तानपुरा जास्त ऐकू येण्याचा संभव असतो, आणि मग ठेक्यावरून वाद होतात.

कार्ड माझ्या प्लेअरमध्ये चालते, मित्राच्या प्लेअरमध्ये चालत नाही.

३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे बहुधा एक्सफॅट पद्धतीने तयार केलेली असतात आणि जुने प्लेअर फक्त फॅट३२ वाचतात. मॅक संगणकावरून उतरवलेल्या कार्डावर प्रत्येक गाण्याची न वाजणारी जुळी फाइल दिसत असेल, तर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या त्या छोट्या फाइली निर्धास्तपणे पुसाव्यात.

वडील गेले, त्यांचा आयपॉड घरात आहे. त्यातील संगीताचे काय करावे?

आधी बॅटरी पाहावी. मागचे झाकण किंवा पडदा फुगलेला असेल तर चार्ज करू नये, जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्यावे. आयपॉड संगणकाला जोडल्यावर तो पुसून नव्याने भरायचा का, असा प्रश्न आयट्यून्स विचारते. त्याला ‘नाही’ म्हणावे. घाईत ‘हो’ म्हटल्याने एका सदस्याच्या घरचा वीस वर्षांचा संग्रह एका मिनिटात गेला.

आयपॉडच्या आतील लपवलेल्या फोल्डरात गाण्यांच्या फाइलींना निरर्थक चार अक्षरी नावे असतात, त्यामुळे प्रथमदर्शनी काहीच हाती लागले नाही असे वाटते. घाबरू नये. टॅग शाबूत असतात. फोल्डर संगणकावर उतरवून एमपी३टॅगमध्ये उघडले की नावे दिसू लागतात. मात्र कोणते गाणे किती वेळा ऐकले आणि शेवटचे कधी ऐकले याची नोंद गाण्यांच्या फाइलीत नसते. ती आयपॉडच्या स्वतःच्या नोंदवहीत असते आणि नुसत्या फाइली उतरवल्या तर मागेच राहते. आयट्यून्समध्ये आयपॉडमधील गाण्यांच्या यादीत ‘प्लेज’ हा रकाना उघडावा, यादी त्या आकड्यानुसार लावावी आणि बाकी काही करण्याआधी ती कागदावर उतरवून घ्यावी. बैठकीला येताना तो कागद आणला तरी पुरेसे आहे.